दोन दूरच्या विमानतळांमधील अंतर आणि प्रवासवेळ काढणारा तक्ता : प्रकल्प नोंदी

१ फेब्रुवारी २०२५

घरातील एका व्यक्तीला दर बारा तासांनी औषध घ्यावे लागते आणि तिला लवकरच सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंत, म्हणजे सध्याच्या नियमित विनाथांबा विमानफेऱ्यांतील सर्वांत लांब पल्ल्याचा प्रवास करायचा आहे. तिकिटावर निघण्याची आणि पोहोचण्याची स्थानिक वेळ छापलेली असते. प्रत्यक्षात किती तास जातील हे त्यावरून चटकन लक्षात येत नाही. म्हणून दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश भरले की अंतर, अपेक्षित वेळ आणि पोहोचतानाचे घड्याळ दाखवणारा तक्ता स्प्रेडशीटमध्ये स्वतःच तयार करायचे ठरवले. हे काम करू पाहणाऱ्या इतरांना माझ्या चुका टाळता याव्यात, एवढ्यासाठी या नोंदी ठेवत आहे.

चांगी विमानतळ १ अंश २१ मिनिटे ३३ सेकंद उत्तर, १०३ अंश ५९ मिनिटे २२ सेकंद पूर्व येथे आहे. केनेडी विमानतळ ४० अंश ३८ मिनिटे २३ सेकंद उत्तर, ७३ अंश ४६ मिनिटे ४४ सेकंद पश्चिम येथे. पहिली चूक हे आकडे उतरवतानाच झाली. ४० अंश ३८ मिनिटे २३ सेकंद हे मी सरळ ४०.३८२३ असे लिहिले. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३,६०० ने भागून बेरीज केल्यावर खरा आकडा ४०.६३९७ येतो. फरक किरकोळ वाटतो, पण केवळ अक्षांशातल्या या चुकीने विमानतळ जवळजवळ २९ किमी दक्षिणेला सरकतो. चारही आकडे पुन्हा काढले : १.३५९२ आणि १०३.९८९४, ४०.६३९७ आणि उणे ७३.७७८९.

अंतरासाठी आधी शाळेतला पायथागोरसच वापरून पाहिला. अक्षांशांतला फरक ३९.२८ अंश, रेखांशांतला १७७.७७ अंश, वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ आणि एका अंशाला सुमारे १११.२ किमी, असे करून २०,२४४ किमी आले. या उत्तरावर विश्वास ठेवून पुढे जाणारच होतो, तेवढ्यात पृथ्वीच्या परिघाची आठवण झाली. सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली तर अर्धा परिघ २०,०१५ किमी भरतो. पृथ्वीच्या पाठीवरील कोणतीही दोन ठिकाणे याहून दूर असूच शकत नाहीत. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे एकमेकींजवळ येत जातात ही गोष्ट सपाट कागदावरच्या हिशेबात कोठेच येत नाही आणि पल्ला लांब असला की तो हिशेब पार कोलमडतो. तक्त्यात पहिली तपासणी तेथेच बसवली : उत्तर २०,०१५ पेक्षा जास्त आले तर रकाना लाल होईल.

२ फेब्रुवारी २०२५

आज हॅवरसाइन सूत्र घातले. हे सूत्र गोलावरील दोन बिंदूंमधून जाणाऱ्या बृहद्वृत्ताच्या, म्हणजे गोलाचे दोन सारखे भाग करणाऱ्या वर्तुळाच्या, लहान कमानीची लांबी देते. उत्तर आले ८,४०० किमी. ते २०,०१५ च्या आत होते, रकाना लाल झाला नाही आणि आकडा अंगावर येण्याइतका चुकीचाही दिसत नव्हता. संध्याकाळचे तीन तास मी या चुकीच्या आकड्यावर पुढची सूत्रे रचण्यात घालवले.

चूक सापडली ती उत्तर आधीच ठाऊक असलेल्या जोडीमुळे. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचे अंतर परिघाच्या चौथ्या भागाइतके, म्हणजे सुमारे १०,००८ किमी यायला हवे; माझ्या तक्त्याने १२,९६८ दाखवले. स्प्रेडशीटमधील साइन आणि कोसाइन कोन अंशांत घेत नाहीत, रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात घेतात, आणि मी अंशच देत होतो. अशा वेळी संगणक काहीही सूचना देत नाही; ४० अंशांना तो बिनदिक्कत ४० रेडियन समजतो. चारही कोन आधी रेडियनमध्ये बदलणारे वेगळे रकाने केले आणि उत्तर १५,३४० किमी आले.

या आकड्याची खातरजमा हाताने करावीशी वाटली. ३० सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल घेऊन चांगीवर बोटाने दोरा दाबला आणि न्यूयॉर्ककडे ताणला. मी तो पूर्वेकडे, प्रशांत महासागरावरून नेत होतो, पण ताण दिला की दोरा आपोआप वर सरके आणि उत्तर ध्रुवावर गोलाला जी धातूची टोपी असते तिच्या कडेला जाऊन अडे. अडून राहिलेला दोरा मोजला तो ३६ सेंमी भरला. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किमी, तेव्हा १५,३०० किमी. सूत्राने काढलेली निघतानाची दिशाही जवळजवळ थेट उत्तर, ३५७.५ अंश, आली आणि मार्ग ध्रुवापासून सुमारे २८० किमीवरून जातो असे दिसले. सपाट नकाशा वर्षानुवर्षे पाहिल्यामुळे सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाण्याची सर्वांत जवळची वाट ध्रुवाशेजारून जाते हे मनाला पटायला दोराच लागला. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी तो ताणून पाहावा.

८ फेब्रुवारी २०२५

पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताकडील त्रिज्या ६,३७८.१ किमी आणि ध्रुवाकडील ६,३५६.८ किमी आहे. म्हणून अशा चपट्या पृथ्वीवरील अंतर काढणारी, १९७५ साली प्रसिद्ध झालेली विन्सेंटी यांची पद्धत तक्त्यात बसवायला घेतली. हिच्यात उत्तर स्थिर होईपर्यंत तीच आकडेमोड पुन्हा पुन्हा करावी लागते. सूत्र लांबलचक आहे, एक कंस चुकला की सर्व बिघडते, आणि माझे दोनदा बिघडले. त्यात, पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असलेल्या दोन बिंदूंसाठी ही पद्धत स्थिर उत्तरापर्यंत पोहोचतच नाही. मी मुद्दाम तसे दोन बिंदू घातले तेव्हा आकडे नुसते हेलकावत राहिले.

चार संध्याकाळी खर्ची पडल्या आणि अंतर १५,३४९ किमी आले, म्हणजे गोलाच्या हिशेबापेक्षा ९ किमी जास्त. लंडनचे हीथ्रो ते केनेडी या जोडीत गोलाचे उत्तर ५,५४० आणि विन्सेंटीचे ५,५५४ किमी. फरक १४ किमी. ताशी ९०० किमी वेगाने जाणारे विमान १४ किमी एका मिनिटाहूनही कमी वेळात कापते. मला प्रवासाची वेळ हवी आहे, जमीन मोजायची नाही. तक्त्यातून विन्सेंटी काढून टाकली आणि गोल ठेवला. हा निर्णय आधीच, फरकाचा अंदाज घेऊन, करता आला असता, याची मनापासून खंत वाटते.

१५ फेब्रुवारी २०२५

एका जोडीवरून चाळीस विमानतळांच्या यादीवर गेलो आणि चांगी ते केनेडी अंतर एकाएकी ५,३२१ किमी झाले. यादीत पूर्व-पश्चिम ही अक्षरे वेगळ्या रकान्यात होती आणि मी फक्त आकडे उचलले होते, त्यामुळे पश्चिम रेखांशाचे उणे चिन्ह गळाले. उणे चिन्हाशिवायचा तो बिंदू नकाशावर टाकून पाहिला तर न्यूयॉर्कचा विमानतळ किर्गिझस्तानात, ओश शहराच्या पूर्वेला जाऊन बसला होता. आता यादीत भरलेला प्रत्येक बिंदू नकाशावर एकदा पाहिल्याशिवाय वापरायचा नाही, असा नियम केला आहे. चाळीस बिंदूंना पाऊण तास लागला.

नकाशावर पाहिल्यामुळेच आणखी एक चूक हाती लागली. विमानतळ शहराच्या नावाने शोधण्याची सोय मी ठेवली होती आणि तिने सिडनी म्हणून ऑस्ट्रेलियातील नव्हे, कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातील सिडनी उचलले होते. नावाने शोधणे बंद केले. आता फक्त विमानतळाच्या तीन अक्षरी संकेताने शोध होतो.

२२ फेब्रुवारी २०२५

अंतर झाले, आता वेळ. हे काम सोपे असेल असे धरून चाललो होतो आणि तेच सर्वांत अवघड निघाले.

वेग कोणता धरायचा येथपासून सुरुवात होती. लांब पल्ल्याची आजची विमाने ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८५ पट वेगाने जातात. अकरा-बारा किमी उंचीवर हवेचे तापमान प्रमाण वातावरणात उणे ५६.५ अंश सेल्सिअस असते आणि तेथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ किमी असतो. तेव्हा विमानाचा वेग ताशी ९०० किमीच्या आसपास येतो. मी आधी जमिनीजवळचा ध्वनीचा वेग, ताशी १,२२५ किमी, घेतला होता आणि त्यामुळे विमान ताशी १,०४० किमी वेगाने उडत होते. चूक कळायला दोन दिवस गेले.

१५,३४० ला ९०० ने भागले की १७ तास ३ मिनिटे येतात. पण वेळापत्रकात दिलेला काळ विमान दारापासून हलते तेव्हापासून ते मुक्कामाच्या दाराशी थांबेपर्यंतचा असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, वर चढणे, उतरण्याआधी वेग कमी करणे आणि पुन्हा रांगत जाणे यासाठी मी सरसकट ४५ मिनिटे जोडली. ही ठोकळ रक्कम आहे. कमी अंतराच्या फेऱ्यांत तिचे वजन मोठे असते, आणि म्हणूनच अंतर भागिले वेग हा हिशेब तेथे अधिकच फसतो. बेरीज १७ तास ४८ मिनिटे झाली. वेळापत्रक मात्र साडेअठरा तासांहून अधिक सांगते.

वाऱ्याचा भाग समजून घ्यायला हीथ्रो-केनेडी ही जोडी बरी, कारण तेथे पश्चिमेकडे जाताना लागणारा वेळ येतानापेक्षा ठळकपणे जास्त असतो. सुमारे नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह हे त्याचे कारण. हिवाळ्यात तो अधिक जोराचा असतो. माझी समजूत अशी होती की जाताना जेवढे गमावले तेवढे येताना मिळते, म्हणून सरासरीत वारा धरला नाही तरी चालेल. ती समजूत चुकीची आहे. ताशी १०० किमीचा वारा धरला तर समोरून वारा असताना ५,५४० किमीला ६ तास ५६ मिनिटे आणि पाठीमागून असताना ५ तास ३२ मिनिटे, मिळून १२ तास २८ मिनिटे लागतात. वारा नसेल तर जाऊन-येऊन १२ तास १९ मिनिटे. नऊ मिनिटे कायमची जातात, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते. तक्त्यात जाण्याचा आणि येण्याचा वारा वेगळा भरायची सोय केली.

वारा किती प्रभावी असतो याचे एक उदाहरण माझ्यासमोर सतत होते. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी हवामानात ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ विमान केनेडीहून हीथ्रोला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले, म्हणजे जमिनीवरून पाहता सरासरी वेग ताशी १,१२० किमीहून अधिक. उंचावरील ध्वनीच्या वेगापेक्षा हा आकडा मोठा आहे, तरी विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता. ज्या हवेतून ते जात होते ती हवाच पूर्वेकडे धावत होती. तक्त्यात हवेतला वेग आणि जमिनीवरचा वेग हे दोन स्वतंत्र रकाने असलेच पाहिजेत, हे मला या एका फेरीने शिकवले.

१ मार्च २०२५

सिंगापूर-न्यूयॉर्कच्या हिशेबात राहिलेला तासाभराचा फरक वाऱ्याने भरून निघत नव्हता. त्याचे कारण विमानाच्या वाटेत दडलेले होते. विमाने बृहद्वृत्तावरूनच जातील असे कोणतेही बंधन नाही. २०१८ साली सिंगापूर एअरलाइन्सने न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्क विमानतळाची थेट फेरी जाहीर केली तेव्हा अंतर सुमारे १६,७०० किमी आणि सरासरी वेळ १८ तास ४५ मिनिटे सांगितली होती. न्यूअर्क केनेडीपासून ३५ किमीच्या आत आहे आणि तेथपर्यंतचे बृहद्वृत्तीय अंतर सुमारे १५,३४० किमीच आहे. म्हणजे वाट जवळजवळ ९ टक्के लांब धरलेली होती. आता उलटा हिशेब केला : १८ तास ४५ मिनिटांतून माझी ४५ मिनिटे वजा केली तर १८ तासांत १६,७०० किमी, म्हणजे ताशी जवळजवळ ९२८ किमी. विमानाच्या स्वतःच्या वेगापेक्षा हे थोडे जास्त आहे. लांब वाट पत्करली जाते ती बऱ्याच अंशी अनुकूल वारा पकडण्यासाठी किंवा प्रतिकूल वारा चुकवण्यासाठी. किलोमीटर वाढले तरी तास वाचतात.

कधी कधी मात्र वाट लांबते ती वाऱ्यामुळे नव्हे. हेलसिंकी ते टोकियोचा नारिता हे अंतर माझ्या तक्त्यात ७,८३० किमी आले आणि वेळ ९ तास २७ मिनिटे. रशियावरून जाण्याची मुभा होती तोपर्यंत या फेरीला सुमारे साडेनऊ तासच लागत. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमान कंपन्यांना बंद झाले आणि तीच फेरी सुमारे १३ तासांची झाली. विमानतळ तेथेच आहेत, अंतराचे सूत्र तेच आहे, पण वाट दीडपटीच्या जवळ गेली. तक्त्यात मार्गगुणक नावाचा रकाना जोडला. येथे तो १.४ ठेवावा लागतो. हा गुणक कोणत्याही सूत्रातून निघत नाही. तो प्रत्यक्ष वेळापत्रक पाहूनच भरावा लागतो.

एवढ्या खटाटोपानंतर माझे मत असे झाले आहे की असा तक्ता वेळापत्रकाची जागा घेऊ शकत नाही. त्याचा उपयोग वेळापत्रक आपण बरोबर वाचले की नाही हे पडताळण्यासाठी आहे, आणि तो उपयोग मोठा आहे.

९ मार्च २०२५

घड्याळे. एक नमुना घेतला : सिंगापूरहून १० तारखेला रात्री १२ वाजून १० मिनिटांनी निघायचे आणि १८ तास ४० मिनिटे प्रवास. हिवाळ्यात न्यूयॉर्कला पोहोचताना तेथे १० तारखेचीच पहाट, ५ वाजून ५० मिनिटे, असते. दोन्ही स्थानिक वेळा सरळ वजा केल्या की प्रवास ५ तास ४० मिनिटांचा दिसतो. वाऱ्याशिवायच्या १७ तास ४८ मिनिटांच्या शेजारी हा आकडा ठेवला की चूक लगेच उघडी पडते. परतीच्या नमुन्यात न्यूयॉर्कहून १० तारखेला रात्री साडेदहाला निघून १८ तास ५० मिनिटे धरली, तर सिंगापूरला १२ तारखेला सकाळी ६ वाजून २० मिनिटे होतात. ११ तारीख जवळजवळ सबंध हवेत जाते.

मी आधी स्थानिक वेळांतच फरक मिळवत आणि वजा करत होतो. मध्यरात्र ओलांडली की उत्तर उणे येई आणि स्प्रेडशीट त्या जागी नुसत्या फुल्यांसारख्या खुणांची रांग दाखवी. तारीख आणि वेळ एकाच सेलमध्ये ठेवून, निघण्याची वेळ आधी वैश्विक वेळेत म्हणजे यूटीसीत बदलायची, प्रवासाचे तास मिळवायचे आणि अगदी शेवटी मुक्कामाच्या स्थानिक वेळेत आणायची, असा क्रम लावल्यावर हा त्रास थांबला. वेळेच्या फरकाचा रकाना मी पूर्णांकात ठेवला होता, तोही बदलावा लागला. भारताचा फरक साडेपाच तासांचा आणि नेपाळचा पावणेसहा तासांचा आहे.

१५ मार्च २०२५

सिंगापूर वर्षभर यूटीसीच्या आठ तास पुढे असते. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे आणि उन्हाळी वेळेत, म्हणजे घड्याळे एक तास पुढे केलेली असताना, चार तास मागे. अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे यंदा ९ तारखेला, सुरू झाली. ब्रिटनमध्ये ती मार्चच्या शेवटच्या रविवारी, ३० तारखेला, सुरू होईल. लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरक मी कायमचा पाच तास असा टंकून ठेवला होता. आज हीथ्रो-केनेडीचे सर्व निकाल वेळापत्रकापासून बरोबर एक तास ढळलेले दिसले, कारण या तीन आठवड्यांत तो फरक चार तासांचाच असतो. आधी वाऱ्यावर संशय घेऊन मी दीड तास वाया घालवला. चूक नेमकी साठ मिनिटांची असेल तर वाऱ्याकडे न पाहता आधी घड्याळाकडे पाहावे. आता प्रत्येक विमानतळापुढे प्रमाणवेळेचा फरक, उन्हाळी वेळ सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख असे तीन रकाने आहेत, आणि तारखा दरवर्षी हाताने भरायच्या आहेत.

१६ मार्च २०२५

औषधाचा रकाना आज जोडला. वेळा कोणत्या असाव्यात हे डॉक्टरांनी ठरवले आहे. तक्ता फक्त ती वेळ कोणत्या घड्याळात किती वाजता येते हे दाखवतो. निघताना, सिंगापूरच्या मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांनी, एक गोळी घेतली तर पुढची बारा तासांनी, म्हणजे सिंगापूरच्या दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी येते. आसनासमोरच्या पडद्यावर मुक्कामाची वेळ लावलेली असेल तर तेथे त्या क्षणी, उन्हाळी वेळेप्रमाणे, तीच १२ वाजून १० मिनिटे दिसतील, कारण आता दोन्ही ठिकाणांत नेमके बारा तासांचे अंतर आहे : एकीकडे दुपार, दुसरीकडे मध्यरात्र. बारा तासांच्या घड्याळात दोन्ही वेळा सारख्याच दिसतात आणि घोटाळा येथेच होऊ शकतो, म्हणून हा रकाना चोवीस तासांच्या पद्धतीने, तारखेसह लिहिला. विमान हलल्यापासून बारा तासांनी, म्हणजे पोहोचायला ६ तास ४० मिनिटे उरलेली असतील तेव्हा, ही गोळी घ्यायची. हे वाक्य तक्त्याखाली मोठ्या अक्षरांत छापून, घडी घालून पारपत्राच्या पाकिटात ठेवले आहे.